मनोविकासनगरची चाळीस वर्षे आणि सीमाभागातली घरे

बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. त्याच दिवशी जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. सरहद्द आखली गेली, तरी माणसांच्या वाटा तशाच राहिल्या. मोठा आजार, मोठा दवाखाना, मोठी खरेदी म्हटली की औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याणचा माणूस आजही हैदराबादची गाडी धरतो. बिदरहून बेंगळुरू सुमारे सातशे किलोमीटर. हैदराबाद त्याच्या पाव अंतराच्याही आत. लातूर रोडहून निघालेला रेल्वेमार्ग उदगीर, कमलनगर, भालकी, बिदर, जहिराबाद करत विकाराबादला मिळतो आणि तिथून हैदराबाद-सिकंदराबादला जाता येते. खांद्यावर मूल आणि हातात जेवणाचा डबा घेऊन या मार्गाने कितीतरी आईबाप सिकंदराबादच्या बोवेनपल्लीत पोहोचले. तिथल्या मनोविकासनगर नावाच्या आवारात १९८४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संस्थेने चाळीस वर्षे पूर्ण केली आहेत. तिची वाटचाल आपल्या सीमाभागातल्या घरांच्या बाजूने लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

स्थापना

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. त्याच काळात केंद्र सरकार अपंगत्वाच्या एकेका प्रकारासाठी राष्ट्रीय संस्था उभारत होते. डेहराडूनला अंधांसाठी, कोलकात्याला अस्थिव्यंग असलेल्यांसाठी, मुंबईत वांद्र्याला १९८३ साली श्रवणदोष असलेल्यांसाठी आणि १९८४ मध्ये सिकंदराबादला बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी. शेवटच्या संस्थेचे तेव्हाचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द मेंटली हँडिकॅप्ड. पुढे काळाबरोबर शब्द बदलले आणि आज ती राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान या नावाने ओळखली जाते. जुने पालक मात्र तिला अजूनही ‘एनआयएमएच’च म्हणतात.

तोवर अशा मुलांसाठी आपल्याकडे शाळा नव्हत्या असे नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून चालू होती. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ सुरू केली होती. पण त्या मोठ्या शहरांतल्या शाळा. चिंचोळीच्या तांड्यावरचे किंवा औरादजवळच्या वाडीतले मूल तिथे कसे पोहोचणार? गावात असे मूल घराच्या कोपऱ्यात वाढे. आजी त्याला भरवी, आई अंघोळ घाली, भावंडे त्याला सांभाळत. त्याच्यावर माया करणारे घर होते. त्याला शिकवता येते, हे मात्र त्या घराला कोणी सांगितले नव्हते.

सिकंदराबादच्या संस्थेपुढे देशभरातली अशी लाखो घरे होती. प्रत्येक तालुक्यात विशेष शाळा निघेपर्यंत थांबायचे, तर मुलांची एक पिढी हातची जाणार. संस्थेने विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचार करणारी माणसे तयार करणारे अभ्यासक्रम चालवले, संशोधन केले, दवाखान्याच्या सेवा दिल्या. या सगळ्याच्या जोडीने तिने एक काम अगदी सुरुवातीच्या काळापासून मनावर घेतले: मुलाच्या कुटुंबाला शिकवणे. तिच्या इतिहासातले हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते.

कुटुंबासाठी खोल्या

संस्थेच्या आवारात परगावाहून येणाऱ्या कुटुंबांसाठी राहण्याची सोय केली गेली. तिला ‘फॅमिली कॉटेज’ म्हणतात. आईबाप मुलासह तिथे काही दिवस राहतात. सकाळी तपासण्या, दिवसा मुलाबरोबर शिकवणीचे तास आणि उरलेला वेळ स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचा संसार. यात शहाणपण आहे. दवाखान्याच्या टेबलासमोर पंधरा मिनिटे बसलेले मूल कसे जेवते, हट्ट करताना काय करते, रात्री का उठते, हे कोणाला कळणार? राहत्या खोलीत ते दिसते. आणि तिथे शिकवलेली गोष्ट आई त्याच दिवशी, आपल्याच ताटवाटीवर करून पाहू शकते.

शिकवण्याची पद्धत साधी आहे; तिला कष्ट फार लागतात. कोणतेही काम लहान पायऱ्यांमध्ये तोडायचे. सदरा घालणे हे आपल्याला एक काम वाटते. त्यात सदऱ्याची पुढची-मागची बाजू ओळखणे, एक हात बाहीत घालणे, मागून दुसरी बाही शोधणे, दोन्ही कडा जुळवणे, प्रत्येक गुंडी घरात सरकवणे अशा कितीतरी पायऱ्या असतात. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात. आईने सगळे करून द्यायचे आणि शेवटची गुंडी मुलाने ओढून घ्यायची. ते जमले की शेवटच्या दोन, मग तीन. दर वेळी काम मुलाच्या हातून पुरे होते आणि त्याला शाबासकी मिळते. जेवणे, दात घासणे, शौचाला जाणे, अंघोळ, केस विंचरणे अशा रोजच्या कामांवर संस्थेने चित्रांसह छोट्या पुस्तिका काढल्या. त्या वाचून अंगणवाडीची सेविकाही आईला मदत करू शकते.

या पद्धतीची मुळे दूरवर आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या गावी १९६९ साली एक प्रकल्प सुरू झाला. वस्त्या विखुरलेल्या, मुलांना केंद्रावर आणणे अवघड, म्हणून शिक्षिका दर आठवड्याला घरोघर जात. त्या आईबरोबर मुलाला एखादी गोष्ट शिकवून दाखवत आणि आठवडाभराचे काम आईवर सोपवून येत. पुढच्या आठवड्यात काय जमले ते पाहून नवे काम ठरे. पुढे भारतातही या पद्धतीवर काम झाले. विस्कॉन्सिनची शेतवस्ती आणि आळंद तालुक्यातली शेतवस्ती यांत जमीन-आसमानाचा फरक आहे. पण शिक्षकाने घरी जायचे आणि घरात जे आहे त्यावरच शिकवायचे, हे सूत्र दोन्हीकडे लागू पडते. आपल्याकडे तुरीच्या शेंगा सोलणे, ज्वारीतले खडे निवडणे, शेळीपुढे पाला टाकणे, भाकरीचे पीठ मळणे ही सगळी बोटांची, नजरेची आणि क्रम लक्षात ठेवण्याची शिकवणीच आहे.

मूल कुठवर आले हे मोजण्यासाठीही संस्थेने भारतीय साधने तयार केली. मुलाची कौशल्ये आणि त्रासदायक वर्तन पाहणारी ‘बेसिक-एमआर’ ही मोजपट्टी रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. मुलाचा अभ्यासक्रम आखण्यासाठी जयंती नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी-याद्या तयार केल्या. त्या आज देशभरच्या विशेष शाळांत ‘एफएसीपी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जातात. अशा यादीत ‘येते’ किंवा ‘येत नाही’ एवढ्यावर भागत नाही. स्वतः करतो, सांगितल्यावर करतो, हात धरल्यावर करतो, अशा पायऱ्या नोंदवल्या जातात. आईला याचा फार उपयोग होतो. वर्षभर ज्या मुलाला ‘काहीच येत नाही’ असे घर म्हणत होते, त्याने हात धरण्यापासून नुसत्या सांगण्यापर्यंत मजल मारलेली तिला कागदावर दिसते.

घरात किती माणसे?

संस्थेच्या मानसशास्त्र विभागाने १९९० च्या दशकात रीता पेशावरिया यांच्या पुढाकाराने कुटुंबांच्या गरजा विचारण्यासाठी एक प्रश्नसूची केली. मुलाच्या स्थितीची माहिती, वर्तन हाताळणे, जवळच्या सेवा, व्यवसाय-शिक्षण, वयात येणे, लग्नाचा प्रश्न, पैशाची ओढाताण, घरातले संबंध, सरकारी सवलती, आपल्यानंतर काय, असे विषय तिच्यात आहेत. आईवडिलांसाठी एक सूची, भावंडांसाठी वेगळी आणि आजी-आजोबांसाठी आणखी वेगळी.

तीन सूच्या करण्यामागे आपल्या घरांची ओळख आहे. परदेशी पुस्तकांत पालक म्हणजे बहुधा आई आणि बाप. भालकीच्या वाड्यात किंवा कलबुर्गीच्या चाळीत निर्णय आजोबा घेतात, मुलाला दिवसभर आजी सांभाळते, शाळेत मोठी बहीण सोडते आणि दवाखान्यात न्यायला मामा येतो. आई एकटी शिकून आली आणि घरी सासूबाई म्हणाल्या, ‘लेकराला एवढं छळू नको, मी भरवते,’ तर शिकवणी त्याच दिवशी थांबते. त्या माउलीचे प्रेम खरे आहे. म्हणूनच तिलाही समोर बसवून, हातात घास धरायला शिकवताना काय करायचे आणि केव्हा हात मागे घ्यायचा, हे दाखवावे लागते. सगळ्यांना विचारल्याशिवाय घर बरोबर येत नाही, हा धडा या संस्थेने पुस्तकात उतरवला.

मोठ्या बहिणीचा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. धाकट्याला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटते. एका मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंबाचा सहभाग मागताना दुसऱ्या मुलीचे शिक्षण जात असेल, तर तो सहभाग आपण मान्य करता कामा नये. भावंडांसाठी स्वतंत्र सूची करणाऱ्यांच्या मनात हीच काळजी असणार, असे मी मानतो.

पालकांची संघटना

शिकलेला पालक फार दिवस नुसता ऐकत बसत नाही. १९९० पासून संस्थेने देशभरातल्या पालकांच्या बैठका भरवल्या आणि गावोगावच्या पालक-संघटनांना बळ दिले. त्यातून १९९५ मध्ये ‘परिवार’ हा पालक-संघटनांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. त्याचे काम बेंगळुरूहून चाले, आणि जे. पी. गडकरी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. ते स्वतः पालक होते. कर्नाटकात राहणाऱ्या गडकरी आडनावाच्या माणसाने देशभरच्या पालकांना एकत्र बांधले, याचा अभिमान सीमाभागातल्या मराठी पालकांना वाटावा.

या पालकांचा सर्वांत मोठा प्रश्न एकच होता: आमच्यामागे याचे काय? १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला निघालेला कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान होतो. बँकेत, कचेरीत त्याच्या वतीने सही कोण करणार? या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरची स्थानिक समिती पालकत्व नेमून देते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. न्यासाच्या राष्ट्रीय मंडळावर पालकांच्या संघटनांनाही जागा आहे. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा-संरक्षण मिळते. आपल्या जिल्ह्यातले पुष्कळ पालक मूल अठराचे झाल्यावर पहिल्यांदा हे ऐकतात. शाळेत नाव घालण्याच्या दिवशीच ते त्यांना सांगितले गेले पाहिजे.

कायदा गावात आला

अपंगांना समान संधी देणारा कायदा १९९५ चा. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद होऊ लागली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि दोन गोष्टी घडल्या. अपंग मुलांचा समावेश वंचित गटात झाला. आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय हक्क म्हणून मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. ६ ते १८ वयाच्या ज्या मुलांना कायद्याने ठरवलेल्या किमान प्रमाणाइतके अपंगत्व आहे, त्यांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येईल, असे त्याने सांगितले.

यातला एक मुद्दा गावात फारसा कोणाला ठाऊक नसतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा मिळावी, असे शिक्षणहक्क कायदा म्हणतो. वंचित गटात अपंग मूल आले, म्हणजे त्याच्या आईचा समितीतल्या खुर्चीवर हक्क आला. कर्नाटकात शाळेच्या या समितीला ‘एसडीएमसी’ म्हणतात. रॅम्प कुठे हवा, मुलाला कोणत्या वर्गात बसवायचे, शौचालयाचे दार किती रुंद हवे, हे तिथे बसून सांगता येते. हक्क मागायला कचेरीत जाणे आणि निर्णय होतो त्या बैठकीत असणे, या दोहोंत फरक आहे.

कर्नाटकात प्रत्येक तालुक्याच्या गटसंसाधन केंद्राशी जोडलेले विशेष शिक्षक आहेत. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीची केंद्रे चालतात. त्यांत आई मुलाबरोबर बसते. जी मुले केंद्रावरही येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी स्वयंसेवक जातात. ग्रामपंचायतीत गाव-पुनर्वसन कार्यकर्ता असतो; तो बहुधा स्वतः अपंग असतो आणि त्यामुळे दारात आलेल्या माणसाचे म्हणणे घर लवकर ऐकते. सिकंदराबादला चाळीस वर्षांपूर्वी जे काम राष्ट्रीय पातळीवर सुरू झाले, ते असे पंचायतीपर्यंत आले आहे. आता ते खोलवर रुजायला हवे.

तीन भाषांच्या मधले मूल

आपल्या मुलाची गोष्ट इथे बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या मुलापेक्षा वेगळी होते. घरात मराठी, तांड्यावर लंबाणी, मोहल्ल्यात दखनी उर्दू. शाळेचा आणि दाखल्याचा कागद कन्नड. सिकंदराबादच्या आवारात तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी. ज्या मुलाला एका भाषेतले दहा शब्द पक्के करायला वर्ष लागते, त्याच्यावर तीन भाषांतून सूचना येतात. आईने ‘पाणी’ म्हणायचे, अंगणवाडीत ‘नीरु’ ऐकायचे आणि उपचार-केंद्रात आणखी काही. अशा मुलासाठी सुरुवातीला सर्वांनी एकच शब्द, एकच खूण वापरायची, आणि ती घरच्या भाषेतली असायची, एवढा साधा निर्णय शिक्षक आणि घर यांनी मिळून घेतला तरी मुलाचा पुष्कळ त्रास वाचतो.

या प्रांतात दोन भाषांना एकत्र धरून काम करण्याची परंपरा जुनी आहे. बुद्धिमापनाच्या बिने चाचणीचे भारतीय रूप व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली केले, ते मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी. बिने-कामत चाचणी नंतरही देशभरच्या केंद्रांत वापरली गेली. मूल मोजण्याचे साधन इतक्या आधी दोन्ही भाषांत एकत्र आले, तर मूल शिकवण्याच्या पुस्तिका बिदरच्या आईला तिच्या भाषेत हातोहात मिळाव्यात, ही अपेक्षा जास्त नाही. संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे आणि दावणगेरेचे संयुक्त केंद्रही तिच्याच देखरेखीखाली आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही तिच्या घरच्या भाषा आहेत. जय वकील शाळेने तयार केलेला आणि महाराष्ट्रातल्या विशेष शाळांनी स्वीकारलेला ‘दिशा’ हा मराठी अभ्यासक्रमही सरहद्दीच्या पलीकडे तयार आहे. उदगीरच्या विशेष शाळेतली बाई आणि कमलनगरची आई यांच्यामध्ये असलेले अंतर एका तासाचेही नाही. त्यांची भेट घडवून आणायला कोणत्याही सरकारचा आदेश लागत नाही.

पुढच्या वर्षांसाठी

कुटुंबाचा सहभाग हा शब्द अलीकडे प्रत्येक परिपत्रकात असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच होतो की, आईने आणखी एक काम करावे. ती आधीच शेतात मजुरी करते, धुणे-भांडी, सासू-सासऱ्यांचे पाहते. तिला केंद्रावर बोलावले म्हणजे तिची दिवसाची मजुरी बुडते. पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला कामाला जाणाऱ्या घराचे तर वर्षातले काही महिने गावाशी नातेच तुटते. मूल आजीकडे राहते किंवा बांधकामाच्या जागी जाते आणि शिकलेले विसरते. म्हणून सहभाग मागणाऱ्याने आधी आधार द्यावा, हे या संस्थेच्या चाळीस वर्षांतून मी घेतलेले सार आहे. फॅमिली कॉटेज हा तसा आधारच होता: या, राहा, आम्ही तुमच्याबरोबर शिकतो.

तोच आधार आता तालुक्याला हवा. मुलाबरोबर येणाऱ्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद समग्र शिक्षा योजनेत आहे. तो आईच्या हातात वेळेवर पडावा. पालकसभा बाजाराच्या दिवशी घ्यावी, म्हणजे त्यासाठी वेगळा खाडा होणार नाही आणि वडीलही येतील. कामासाठी बाहेर जाणाऱ्या घराबरोबर मुलाच्या शिकवणीच्या नोंदींची वही द्यावी, म्हणजे नव्या गावातला शिक्षक तिथूनच पुढे चालू करील. अठरा वर्षे पुरी होण्याआधी राष्ट्रीय न्यासाचे कागद तयार व्हावेत. एसडीएमसीत अपंग मुलाच्या पालकाचे नाव आहे की नाही, हे दर वर्षी तपासावे. यातली एकही गोष्ट नवा कायदा मागत नाही. लागतो तो पाठपुरावा, आणि तो एकट्या आईच्या बळावर होत नाही. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद इथल्या पालकांनी तालुक्या-तालुक्यात आपापले गट करावेत आणि ‘परिवार’शी जोडून घ्यावे. मनोविकासनगरने देशभरच्या पालकांना एकत्र बसायला शिकवले. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या पालकांनी ते शिक्षण आता आपल्या गावात चालवून दाखवावे, अशी माझी सर्वांना मनापासून विनंती आहे.